नकाशात आपली वाडी सापडत का नाही?

पावसाळ्याचे दिवस होते. रात्रीचे नऊ वाजले होते. डोंगराच्या कुशीतल्या एका ठाकरवाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या. घरच्यांनी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली.

"गाव कोणतं?" फोनवरच्या माणसाने विचारले.

"ठाकरवाडी."

"बरं. गाडी पाठवतो."

गाडी लगेच निघाली. ड्रायव्हरने आपल्या फोनमधल्या नकाशात 'ठाकरवाडी' असे लिहिले. नकाशाने ठाकरवाडी दाखवली. रस्ताही दाखवला. त्या रस्त्याने गाडी अर्ध्या तासात ठाकरवाडीला पोहोचली. पण ती ठाकरवाडी दुसरीच होती! दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याची. तिथली माणसे झोपेतून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्याकडं कोणी अडलेलं नाही, दादा. तुम्ही वाट चुकलात."

इकडे घरची माणसे वाट पाहून थकली. शेवटी वाडीतला एक पोरगा मोटारसायकल घेऊन फाट्यावर जाऊन उभा राहिला. भर पावसात तो हातातली बॅटरी हलवत होता. त्याला पाहून गाडी थांबली. मग तो पुढे आणि गाडी मागे, असे ते वाडीत आले. यात दोन तास गेले. दैव चांगले, म्हणून बाई आणि बाळ दोघे सुखरूप राहिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही वर्ग घ्यायला त्या वाडीत गेलो. बाळाची आजी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती आम्हाला म्हणाली, "आमची वाडी काय काल वसली? माझ्या सासऱ्याचा जन्म हितलाच. मग त्या फोनला आमची वाडी दिसंना कशी?"

आजीचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी आम्ही वर्गात दुसरे काही शिकवले नाही. सगळ्यांनी मिळून या एकाच प्रश्नाचा विचार केला. तेच आज तुम्हाला सांगतो.

हा नकाशा कोणी काढला?

फोनमधला नकाशा एकच नसतो. असे अनेक नकाशे आहेत. काही नकाशे मोठ्या कंपन्यांचे आहेत. ते कसे दुरुस्त करायचे, हे त्या कंपन्या ठरवतात. पण एक नकाशा असा आहे, की तो लोकांनी मिळून काढला आहे. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. त्याची वेबसाइट आहे. ती फोनवरही उघडते आणि संगणकावरही उघडते. पाहायला पैसे पडत नाहीत.

हे काम २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाले. स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने ते सुरू केले. तिथल्या सरकारी नकाशांची माहिती त्या वेळी कोणालाही फुकट वापरता येत नव्हती. तेव्हा त्याने विचार केला, की ज्याला जो रस्ता ठाऊक आहे तो त्याने काढावा. सगळ्यांचे तुकडे जोडले, की सगळ्यांचा नकाशा होईल.

आपल्याकडे सावड असते. आज तुमच्या शेतात सगळ्यांनी राबायचे, उद्या आमच्या. हा नकाशा म्हणजे जगाची सावडच आहे. कोणी रस्ता काढतो, कोणी विहीर दाखवतो, कोणी शाळेचे नाव लिहितो.

या सावडीचा उपयोग किती मोठा, ते एका गोष्टीवरून कळेल. हैती नावाचा एक गरीब देश आहे. तो अमेरिकेजवळच्या समुद्रात एका बेटावर आहे. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे मोठा भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स ही त्या देशाची राजधानी. तिच्यातली हजारो घरे पडली. मदतीला गेलेल्या लोकांना गल्लीबोळ दाखवील असा चांगला नकाशा मिळेना. तेव्हा जगभरच्या माणसांनी आपापल्या घरी बसून हे काम हाती घेतले. आकाशातून काढलेले फोटो पाहून त्यांनी तिथले रस्ते नकाशात काढले. काही दिवसांतच नकाशा भरत आला आणि मदत करणारे लोक तो वापरू लागले. नकाशा काढणाऱ्यांपैकी पुष्कळांनी हैती देश कधी पाहिलाही नव्हता.

मग आपली वाडी तर आपण रोज पाहतो. ती आपल्याला नकाशात आणता येणार नाही का?

शोधणारा वही वाचतो

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ.

गावचा जुना पोस्टमन आठवा. पाकिटावर नुसते 'मारुतीच्या देवळामागे' एवढेच लिहिले असले, तरी तो पत्र बरोबर पोहोचवी. नाव चुकीचे लिहिले असले, तरी तो ओळखून घेई. कारण तो गाव ओळखत होता.

नकाशातला शोधणारा तसा नाही. तो माणूस नव्हे, यंत्र आहे. तो एखाद्या परगावच्या नव्या कारकुनासारखा आहे. त्याच्यासमोर एक मोठी वही आहे. तुम्ही नाव सांगता. तो वही उघडतो आणि ते नाव शोधतो. वहीत नाव असले तर जागा दाखवतो. नसले तर म्हणतो, 'सापडले नाही.' तो गाव कधी फिरलेला नाही. जे वहीत आहे तेवढेच त्याला ठाऊक.

म्हणून 'सापडले नाही' याचा अर्थ 'गाव नाही' असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही सांगितलेले आणि वहीत लिहिलेले जुळले नाही. कुठे जुळले नाही, तेवढे आपण पाहायचे.

एक नाव, अनेक गावे

पहिली अडचण त्या रात्रीचीच. नाव एक आणि गावे अनेक.

कर्जत म्हटले, की कोणते कर्जत? एक रायगड जिल्ह्यात आहे. एक अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. खेड पुणे जिल्ह्यात आहे, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातही आहे. मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे आणि वाशिम जिल्ह्यातही आहे. ही तर तालुक्याची गावे झाली. वडगाव, पिंपळगाव, ठाकरवाडी, गावठाण ही नावे तर जागोजाग भेटतात.

आपल्या वाडवडिलांना ही अडचण ठाऊक होती. म्हणून त्यांनी बुद्रुक आणि खुर्द हे शब्द जोडले. हे शब्द फारसी भाषेतून आले. बुद्रुक म्हणजे मोठे, खुर्द म्हणजे लहान. ओढ्याच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द, अशी गावे आपण पाहतो. बोलताना आपण हे शब्द गाळतो. नकाशात शोधताना मात्र ते गाळू नका.

शोधताना नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहा. आधी लहान, मग मोठे, असा क्रम ठेवा. आधी वाडी, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. मध्ये स्वल्पविराम द्या.

शोधणारा पुष्कळदा एकाखाली एक अशी नावांची यादी दाखवतो. पहिले नाव दिसले, की त्यावर लगेच बोट ठेवू नका. यादी शेवटपर्यंत वाचा. प्रत्येक नावापुढे तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो, तोही वाचा. त्या रात्री यादी वाचली असती, तर कदाचित दोन तास वाचले असते. पाहा, वाचता येण्याचा उपयोग कुठे कुठे होतो!

आणखी एक गोष्ट. पडद्यावर नकाशाचा जो भाग उघडलेला असतो, तिथल्या जागांना शोधणारा आधी पसंती देतो. तुम्ही नागपूर उघडून ठेवले असेल आणि कोकणातली वाडी शोधत असाल, तर घोटाळा होऊ शकतो. म्हणून आधी आपला तालुका पडद्यावर आणा. मग वाडी शोधा.

लिहिण्यातला फरक

दुसरी अडचण लिहिण्याची.

मराठीत आपण वडगाव एकाच रीतीने लिहितो. पण इंग्रजी अक्षरांत कोणी त्याची सुरुवात 'व्ही' या अक्षराने करतो, तर कोणी 'डब्ल्यू' या अक्षराने करतो. कोणी 'ठाकरवाडी' एक शब्द लिहितो, तर कोणी 'ठाकर वाडी' असे दोन शब्द लिहितो. आपल्याला दोन्ही सारखेच. वही वाचणाऱ्या कारकुनाला मात्र ते दोन निराळे वाटू शकतात. तो चूक सुधारून घेत बसत नाही.

म्हणून एका रीतीने सापडले नाही, तर दुसऱ्या रीतीने लिहून पाहा. मराठीत लिहा. इंग्रजी अक्षरांत लिहा. शब्द जोडून लिहा, तोडून लिहा. ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली का तेही पाहा.

गावांची नावे बदलतात, तेव्हाही असेच होते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. हे २०२३ साली झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पुणे जिल्ह्यातल्या खेडला राजगुरुनगर हे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी खेड आहेच. वहीत नवे नाव आणि जुने नाव अशी दोन्ही लिहिलेली असली, तर गाव दोन्ही नावांनी सापडते. एकच लिहिलेले असले, तर त्या एकाच नावाने सापडते. म्हणून एक नाव चालले नाही, तर दुसरे लिहून पाहावे.

जास्त सांगितले तरी बिघडते

वर्गात एका दादांनी शोधाच्या चौकटीत सगळा पत्ता लिहिला. मुक्काम, पोस्ट, मारुतीच्या देवळासमोर, रेशन दुकानाशेजारी, तालुका, जिल्हा आणि पिन कोड. काहीच सापडले नाही. दादा रागावले. म्हणाले, "एवढं सांगूनही कळंना, म्हणजे याला झालंय काय?"

दादा, एवढे सांगितले म्हणूनच कळले नाही! कारकून प्रत्येक शब्द वहीशी जुळवून पाहतो. 'देवळासमोर' आणि 'दुकानाशेजारी' हे शब्द वहीत नाहीत. मग सगळाच पत्ता अडतो.

अशा वेळी एकेक शब्द कमी करत जा. समोर, मागे, शेजारी हे शब्द आधी काढा. मुक्काम-पोस्ट काढा. मग पिन कोड काढा. पिन कोड ही टपालाची खूण आहे. ती १९७२ साली सुरू झाली. एकाच पिन कोडात अनेक गावे येतात. त्यावरून टपाल कचेरी कळते, तुमचे घर कळत नाही.

तरीही सापडले नाही, तर तालुका काढून नुसता जिल्हा ठेवा. कधी कधी गाव वहीत असते, पण ते कोणत्या तालुक्यात येते ते नीट लिहिलेले नसते. तालुका काढला, की गाव पटकन सापडते.

थोडक्यात असे, की एकच नाव लिहिले आणि पुष्कळ गावे निघाली, तर शब्द वाढवा. काहीच निघाले नाही, तर शब्द कमी करा.

आकड्यांनी जागा शोधणे

ज्या जागेला नावच नाही, ती कशी शोधायची? समजा, माळावर एक विहीर आहे. तिला नाव नाही. तरी तिला आकडे आहेत.

पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेला दोन आकडे असतात. एक आकडा उत्तर-दक्षिण सांगतो. त्याला अक्षांश म्हणतात. दुसरा आकडा पूर्व-पश्चिम सांगतो. त्याला रेखांश म्हणतात. पुणे शहराचा अक्षांश सुमारे १८.५२ आहे आणि रेखांश सुमारे ७३.८६ आहे. हे दोन आकडे शोधाच्या चौकटीत लिहिले, की नकाशा पुण्याला जातो. आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. मध्ये स्वल्पविराम द्यावा.

इथे चूक होते ती क्रमाची. आधी अक्षांश, मग रेखांश, हा क्रम आहे. आमच्या वर्गातल्या पोराने एकदा तो उलटा लिहिला. आधी ७३.८६ आणि मग १८.५२ असे लिहिले. नकाशा कुठे गेला असेल? युरोपात नॉर्वे नावाचा देश आहे. त्याच्याही उत्तरेला, थंडगार समुद्रात गेला! सगळा वर्ग हसला.

आपण एक खूण लक्षात ठेवू. आपल्या महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २३ यांच्या दरम्यान असतो. रेखांश ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असतो. म्हणून आपल्याकडे लहान आकडा आधी आणि मोठा आकडा नंतर. पडद्यावर समुद्र दिसू लागला, तर क्रम उलटा झाला असे समजा.

चित्रात दिसते, पण शोधून सापडत नाही

कधी कधी आणखी गंमत होते. नकाशाच्या चित्रात गावाचे नाव दिसते, पण शोधल्यावर 'सापडले नाही' असे उत्तर येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होते.

अशा वेळी वहीत काय लिहिले आहे ते पाहावे. वेबसाइटवर नकाशाच्या बाजूला काही बटणे असतात. त्यांतल्या एकावर प्रश्नचिन्ह असते. ते दाबायचे आणि मग नकाशातल्या त्या गावावर बोट ठेवायचे. तिथल्या नोंदी समोर येतात. हे बटण लांबून चालत नाही. आधी नकाशा मोठा करून जागेच्या जवळ जावे लागते.

नोंद उघडली, की कारण कळते. नावातले एखादे अक्षर चुकलेले असते. किंवा नाव फक्त इंग्रजी अक्षरांत असते आणि मराठीत नसते. किंवा नाव असते, पण ते गाव आहे, वाडी आहे की देऊळ आहे, हे सांगितलेले नसते. नुसत्या नावाने कारकुनाला काही कळत नाही. 'ही वाडी आहे' असे वहीत लिहावे लागते, तेव्हा तो ती वाडी म्हणून शोधतो.

याच्या उलटही होते. वहीत दुरुस्ती केली, तरी चित्रात जुनेच दिसते. घाबरू नका. नवी नोंद चित्रात आणि शोधात यायला थोडा वेळ लागतो. बहुधा काही मिनिटांत काम होते, कधी जास्त वेळ लागतो. थोडे थांबा आणि पान पुन्हा उघडून पाहा. तीच नोंद पुन्हा पुन्हा करू नका. नाहीतर एका गावाची चार गावे होतील.

वहीत नावच नसेल तर

हे सगळे करूनही वाडी सापडली नाही, तर समजावे की वहीत नावच नाही. त्या ठाकरवाडीचे तसेच होते. दुसरी ठाकरवाडी वहीत होती. म्हणून गाडी तिकडे गेली. यंत्राने काही चूक केली नाही. त्याला एकच ठाकरवाडी ठाऊक होती.

मग आम्ही आधी ती जागा नकाशात शोधली. तालुक्याचे गाव शोधले. तिथून मोठा रस्ता धरला. नदीवरचा पूल आला. पुलानंतरचा फाटा आला. फाट्यावरून ओढा धरून वर गेलो. आकाशातून काढलेल्या फोटोत घरांची छपरे दिसू लागली. आजी फोनवर वाकून पाहत होती. ती एकदम म्हणाली, "अगं बया, ही तर आमची विहीर!"

जागा सापडली. आता नाव लिहायचे.

नाव कळवायच्या दोन रीती आहेत. पहिली रीत सोपी आहे. नकाशावर त्या जागी टीप लिहून ठेवायची. 'इथे अमुक नावाची वाडी आहे. सुमारे इतकी घरे आहेत.' एवढे पुरे. कोणी तरी स्वयंसेवक ती टीप वाचतो आणि वहीत नोंद करतो. पण नुसती टीप लिहून नाव शोधात येत नाही. नोंद होईपर्यंत थांबावे लागते.

दुसरी रीत म्हणजे स्वतः नोंद करणे. त्यासाठी वेबसाइटवर खाते उघडावे लागते. खाते फुकट आहे. हे काम संगणकावर सोपे जाते. जागेवर ठिपका द्यायचा. गाव की वाडी ते निवडायचे. नाव लिहायचे आणि नोंद जतन करायची. त्या वाडीच्या शाळेचे गुरुजी म्हणाले, "शाळेत संगणक आहे. आपण स्वतःच करू."

वाडीचे नाव काय?

काम सोपे वाटले होते. पण नाव लिहायची वेळ आली आणि वाद सुरू झाला.

शाळेच्या पाटीवर 'ठाकरवाडी' असे होते. खालच्या गावचे लोक तिला 'वरची ठाकरवाडी' म्हणत. एका कागदावर तर खालच्या गावाचेच नाव होते, वाडीचे नावच नव्हते. आजी म्हणाली, "ही आंब्याची वाडी. हितं मोठा आंबा होता. तो पडला म्हणून काय नाव पडतं का?"

ज्याला त्याला आपलेच नाव खरे वाटत होते. तेव्हा गुरुजी म्हणाले, "असं बघा. बाहेरची गाडी कोणतं नाव विचारील? खालचे लोक कोणतं नाव सांगतील? आणि मुंबईला कामाला गेलेला आपला पोरगा कोणतं नाव शोधील? ही तिन्ही नावं वहीत पाहिजेत."

वहीत तशी सोय आहे. एक नाव मुख्य म्हणून लिहायचे. बाकीची नावे 'दुसरे नाव' म्हणून लिहायची. सगळ्यांनी ठरवले, की मुख्य नाव 'वरची ठाकरवाडी'. त्यामुळे ती दुसऱ्या ठाकरवाडीहून वेगळी कळेल. 'ठाकरवाडी' आणि 'आंब्याची वाडी' ही दुसरी नावे. आजीचे समाधान झाले.

मग शाळा दाखवली. पाण्याची टाकी दाखवली. फाट्यापासून वाडीपर्यंतचा तीन किलोमीटरचा रस्ताही काढला. हा रस्ता फार महत्त्वाचा. गावाचा ठिपका असला आणि रस्ता नसला, तर नकाशा गाडीला वाट दाखवू शकत नाही.

थोड्या वेळाने वेबसाइटवर 'वरची ठाकरवाडी' असे लिहून शोधले. सापडली! पण मोटारसायकलवाला पोरगा म्हणाला, "माझ्या फोनात नाही दिसत." त्याच्या फोनात नकाशा उतरवून ठेवलेला होता. तो इंटरनेट नसतानाही चालतो. पण तो उतरवला त्या दिवशीचाच राहतो. पोराने तालुक्याच्या गावी जाऊन नवा नकाशा उतरवून घेतला. मग त्याच्या फोनातही वाडी दिसली.

एवढे सांभाळा

दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून नाव किंवा रस्ता उतरवून घेऊ नका. तो त्यांचा माल आहे. आपण पाहिलेले, चाललेले आणि लोकांना विचारून खात्री केलेले तेवढेच लिहावे.

माणसांची नावे आणि फोन नंबर नकाशात लिहू नका. टिपेतही लिहू नका. हा नकाशा सगळे जग पाहते. देऊळ, शाळा, दवाखाना, पाणवठा दाखवा. कोणाच्या घरी कोण राहते, ते दाखवू नका.

बांधाचा किंवा हद्दीचा वाद या नकाशाने मिटत नाही. त्यासाठी सात-बारा आहे, मोजणी आहे, भूमि अभिलेख कार्यालय आहे. हा नकाशा वाट दाखवतो, मालकी दाखवत नाही.

इथे नोंद केली म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या नकाशांत नाव आले, असेही नाही. पुष्कळ नकाशे याच वहीतून माहिती घेतात. सगळे घेत नाहीत. गाडीवाल्याच्या फोनात कोणता नकाशा असेल, ते आपल्याला ठाऊक नसते. म्हणून गाडी बोलावताना नुसते वाडीचे नाव सांगून थांबू नका. वाडी, गाव, तालुका, जिल्हा आणि जवळचा फाटा, एवढे सांगा. आणि फाट्यावर माणूस उभा करायला विसरू नका. नकाशा आला म्हणून बॅटरी घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराचे काम संपलेले नाही.

आपण वर्गात आलो, तेव्हा आधी काय लिहायला शिकलो? आपले नाव. मग आपल्या गावाचे नाव. ते नाव पाटीवर लिहिले, वहीत लिहिले, अर्जावर लिहिले. आता ते नकाशावर आहे की नाही, ते पाहू या. नसेल, तर आपणच लिहू या.

विचार करा, सांगा आणि करून पाहा

१. 'सापडले नाही' असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ काय?

२. तुमच्या गावाच्या नावाची आणखी गावे तुम्हाला ठाऊक आहेत का? ती कोणत्या जिल्ह्यांत आहेत?

३. तुमच्या गावाला किंवा वाडीला जुने नाव आहे का? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा.

४. रात्री गाडी बोलावायची झाली, तर फोनवर काय काय सांगाल? ते एका कागदावर लिहा. तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा.

५. चार-पाच जण मिळून नकाशात आपले गाव शोधा. सापडले नाही, तर का सापडले नाही, ते पुढच्या वर्गात सांगा.